रिपोर्टमध्ये काहीच बोल्ड नाही, पण वजन ९८ किलो

लॅबच्या रिपोर्टमध्ये जो आकडा रेंजच्या बाहेर जातो तो बोल्डमध्ये छापला जातो, आणि लोक रिपोर्ट हातात घेतला की फक्त तेवढंच शोधतात. पानं भराभर उलटायची, कुठे ठळक काही दिसतंय का बघायचं, नसलं की पाकिटात टाकायचं आणि "चला, सगळं नॉर्मल" म्हणून निघायचं. मी ठाण्यात नौपाड्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बरीच वर्षं झाली, रविवारी सकाळी फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजवाल्यांची रांग लागते आणि त्यात अशी माणसं हमखास असतात ज्यांचं वजन ९५, १००, ११० किलो आहे, घरचे वर्षानुवर्षं मागे लागलेत की कमी कर कमी कर, आणि रिपोर्ट मात्र एकदम क्लीन. त्यांना मनापासून आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा, कारण रिपोर्ट काही खोटा नसतो. पण त्यावरून "म्हणजे माझ्या वजनाचा मला काही त्रास नाही" हा जो अर्थ काढला जातो ना, तो त्या कागदावर कुठेच लिहिलेला नसतो. त्याबद्दल मला लिहायचंय.

माझा दादा याच गटातला. वय ४६, उंची १७३ सेंटीमीटर, वजन ९८, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३२.७. ऐरोलीला आयटीत आहे, ट्रान्स हार्बरने येऊन जाऊन. शुगर नॉर्मल, कोलेस्टेरॉल नॉर्मल, बीपी नॉर्मल. घरात कोणी वजनाचा विषय काढला की त्याचं एकच उत्तर, "रिपोर्ट बघ ना, तुमच्यासारख्याच लॅबमधले आहेत."

डॉक्टर लोक याला मेटाबॉलिकली हेल्दी ओबेसिटी म्हणतात. वजन लठ्ठपणाच्या गटात पण उपाशीपोटी शुगर १०० च्या खाली, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५० च्या खाली, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या वर, बीपी १३०/८५ च्या खाली. अडचण अशी की याची एकच ठरलेली व्याख्या नाहीये, कोणी म्हणतं चारही गोष्टी ठीक पाहिजेत, कोणी एखादी बिघडलेली चालवून घेतं, त्यामुळे तोच माणूस एका व्याख्येने हेल्दी आणि दुसऱ्या व्याख्येने नाही. आणि लठ्ठपणाची रेषा पण आपली वेगळी आहे. जगात बीएमआय ३० ला लठ्ठ धरतात, आपल्याकडे भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्येच २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा असं ठरवलंय. बऱ्याच जणांना हे माहितीच नसतं, ते गुगलवर बीएमआय काढतात, २७ येतो, "ओव्हरवेट फक्त" वाचून गप्प बसतात.

आता असं होतं कसं की वजन एवढं आणि रक्त ठीक? तर चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे याला जास्त महत्त्व आहे. आपल्या वन बीएचकेमध्ये जसा माळा असतो ना, जास्तीचं सामान तिथे जातं तोवर घर मोकळं दिसतं, माळा भरला की मग बॅगा हॉलमध्ये, खोकी किचनच्या ओट्याखाली, आणि मग घरात चालता येत नाही. कातडीखालची चरबी, म्हणजे मांड्या, नितंब, हा शरीराचा माळा. तिथली चरबी बऱ्यापैकी निरुपद्रवी असते, उलट मांड्या-नितंबांवरची चरबी असलेल्यांचं रक्त बऱ्याचदा चांगलं असतं. माळा भरला की चरबी पोटाच्या आत, लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात, स्नायूंमध्ये जायला लागते आणि तिथून इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणं, सुरू होतो. प्रत्येकाचा माळा किती मोठा हे जन्मतः बरंचसं ठरलेलं असतं, त्यामुळे १०० किलोचा एखादा माणूस अजून बरा असतो आणि ७० किलोच्या एखाद्याला डायबेटिस झालेला असतो.

आणि आपला माळा लहान आहे. यावर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं खूप मोठं काम आहे, २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळच. मला तो फोटो फार आवडतो कारण एका डॉक्टरने स्वतःचं शरीर उदाहरण म्हणून पुढे ठेवलंय. त्यातून आपल्यासाठी निघतं काय, तर युरोप-अमेरिकेतली "लठ्ठ पण निरोगी" माणसं आणि आपल्याकडची तशी माणसं यांना एका मापाने मोजू नये, आपल्याकडे तो निरोगीपणा लवकर संपायची शक्यता जास्त.

आता मुख्य प्रश्न. रिपोर्ट चांगले असताना धोका असतो का? आहे. हे अंदाजाने नाही बोलत, यावर मोठमोठे अभ्यास झालेत. ब्रिटनमध्ये ३५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, २०१७ मध्ये ते छापून आलं. ज्यांचं वजन लठ्ठपणात पण डायबेटिस, बीपी, कोलेस्टेरॉल काहीच नाही अशांना, बरोबरच्या वजनाच्या निरोगी माणसांच्या तुलनेत, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका ४९ टक्के जास्त होता आणि हार्ट फेल्युअरचा (हृदयाला पुरेसं रक्त ढकलता न येणं) ९६ टक्के जास्त, म्हणजे जवळपास दुप्पट. हार्ट फेल्युअरचा आकडा लक्षात घ्या कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही, सगळे अटॅकबद्दलच बोलतात. शरीर मोठं असलं की हृदयाला रोजच जास्त रक्त ढकलावं लागतं, कोलेस्टेरॉल कितीही छान असो.

दुसरा अभ्यास अमेरिकन नर्सेसचा, नव्वद हजारांवर बायका, तीस वर्षं, २०१८ मध्ये आला. त्यात सुरुवातीला लठ्ठ पण निरोगी असलेल्या बायकांपैकी ८४ टक्के वीस वर्षांत निरोगी राहिल्या नाहीत, बीपी किंवा शुगर किंवा कोलेस्टेरॉल काहीतरी लागलंच मागे. लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात हेच प्रमाण वीस वर्षांत अर्ध्याहून थोडं जास्त निघालं. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नर्सेसच्या अभ्यासात बरोबर वजनाच्या निरोगी बायकांपैकीही ६८ टक्के वीस वर्षांत बिघडल्या, वय कोणालाच सोडत नाही, त्यामुळे सगळं खापर वजनावर फोडता येत नाही. पण ८४ आणि ६८ मध्ये फरक आहे, आणि तो फरक माणसांचा आहे.

म्हणजे हेल्दी ओबेसिटी ही बहुतेकांसाठी एक मधली अवस्था आहे. काही जण त्यात खूप वर्षं राहतात, विशेषतः जे अंगाने दणकट आहेत, चालतात, काम करतात, कंबरेपेक्षा मांड्यांवर वजन आहे. बाकीचे पुढे सरकतात, आणि सरकतात ते रिपोर्टमध्ये दिसतं, फक्त बोल्ड नसतं म्हणून कोणी बघत नाही.

हे मी जरा सविस्तर सांगते कारण हे माझ्या कामातलं आहे. लॅबचं मशीन आणि सॉफ्टवेअर तुमचा आकडा रेंजशी ताडून बघतं, तुमच्या मागच्या वर्षीच्या आकड्याशी नाही. दादाची फाइल मी मागवून घेतली, त्यात कंपनीच्या चेकअपचे जुने रिपोर्ट वहिनीने नीट लावून ठेवलेत, आणि सगळे टेबलवर शेजारी शेजारी मांडले. फास्टिंग शुगर ८४, मग ८८, मग ९१, ९५, आणि आत्ताची ९८. ट्रायग्लिसराइड ९६ वरून १४२. एचडीएल ४८ वरून ४१. एकही आकडा बोल्ड नाही, प्रत्येक वर्षी प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल, आणि सगळे एकाच दिशेला चाललेत. मी त्याला पेनने फक्त त्या ओळी जोडून दाखवल्या. तो बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, "हे मला आजवर कोणी असं दाखवलंच नाही." बरोबर आहे त्याचं. दरवर्षी वेगळी लॅब, वेगळं पॅकेज, फोनवर पीडीएफ येतं, ते कुठल्यातरी ग्रुपच्या फोटोंमध्ये हरवून जातं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की रिपोर्ट जपून ठेवा, वहीत नुसती तारीख आणि पाच-सहा आकडे लिहिलेत तरी पुरे. शुगर ९८ आणि १०१ मध्ये शरीराच्या दृष्टीने काही भिंत नाहीये, भिंत आपण छापलेली आहे.

आणि उपाशीपोटी शुगर ही तशी उशिरा बिघडणारी गोष्ट आहे. त्याआधी कित्येक वर्षं स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडून शुगर जागेवर ठेवत असतं, बाहेरून सगळं शांत. याची एक खूण तर सुईशिवाय दिसते. मानेच्या मागे, काखेत कातडी काळी आणि जराशी मखमलीसारखी जाड होते. आपल्याकडे पोरांच्या मानेवर ते दिसलं की आया मळ समजून घासतात, पोरं रडतात, आणि तो मळ नसतोच, बऱ्याचदा इन्सुलिन रेझिस्टन्स असतो. कृपा करून घासू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता ज्या गोष्टी रक्तात दिसतच नाहीत त्यांच्याकडे येते. दादाचं घोरणं आमच्या घरात पहिल्यापासून प्रसिद्ध आहे, गावाला गेलो की त्याला बाहेरच्या पडवीत झोपवतात. पण वहिनी मागे एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, हे नुसते घोरत नाहीत, मध्येच एकदम शांत होतात, श्वासच नाही, मी हलवायला जाते तेवढ्यात जोरात दचकून परत सुरू." मी म्हटलं हे फॅमिली डॉक्टरांना शब्दशः असंच सांग. त्यांनी स्लीप स्टडी करायला लावली, हल्ली ती घरीही होते, बोटाला क्लिप, नाकाशी नळी, छातीला पट्टा लावून झोपायचं आणि सकाळी मशीन परत द्यायचं. मॉडरेट स्लीप ॲप्निया निघाला. रात्रभर दर तासाला पंधराहून जास्त वेळा श्वास अडकत होता, ऑक्सिजन खाली जात होता, आणि दिवसा हा माणूस ट्रेनमध्ये घणसोलीपर्यंत झोपून जायचा, ऐरोली मागे टाकून, ते सगळ्यांना कामाचा ताण वाटायचं. ॲप्नियामुळे पुढे बीपी चढतं, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, गाडी चालवताना डुलकी लागण्याचा धोका तर आजचाच. यातलं काहीही लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीत, येत नाही.

लिव्हरचंही तसंच. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल असलं म्हणजे फॅटी लिव्हर नाही असं समजू नका, बऱ्याच फॅटी लिव्हरवाल्यांचं एसजीपीटी रेंजमध्येच असतं. सोनोग्राफीत ग्रेड वन लिहून येतं आणि ते "सगळ्यांनाच असतं" म्हणून सोडून देतात. इथे एक कामाची गोष्ट सांगते, फिब-४ नावाचा एक हिशोब आहे, त्याला वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढंच लागतं आणि हे सगळं तुमच्या पॅकेजमध्ये आधीच असतं, वेगळे पैसे नाहीत. १.३ च्या खाली आलं तर लिव्हरला जखमेसारखे व्रण धरण्याची शक्यता कमी, वर आलं तर डॉक्टर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) वगैरे सांगतात. आपल्या डॉक्टरांना नुसतं विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

गुडघ्यांबद्दल काय सांगायचं, ठाणे स्टेशनचा पूल चढताना कठड्याला धरून थांबलेली माणसं बघा. वजन एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो असं मोजून दाखवलेलं आहे. पित्ताशयातले खडे, ॲसिडिटी, गरोदरपणातले त्रास हे आहेतच. आणि कॅन्सर, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेने २०१६ मध्ये तेरा प्रकारच्या कॅन्सरचा संबंध जास्त चरबीशी असल्याचं मान्य केलं, त्यात गर्भाशयाचा, मोठ्या आतड्याचा, किडनीचा, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा असे आपल्याला ओळखीचे आहेत. शुगर नॉर्मल आहे म्हणून यातला धोका शून्यावर येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या एका आयोगाने यावर नवीन मांडणी केली, ती मला पटते. त्यांचं म्हणणं, नुसत्या बीएमआयवरून आजारी ठरवू नका, शरीरात चरबी जास्त आहे पण अजून कुठल्या अवयवाचं काम बिघडलेलं नाही तर त्याला प्री-क्लिनिकल म्हणा, आणि श्वास, सांधे, हृदय, लिव्हर, किडनी, रोजची कामं यातलं काही त्या चरबीमुळे बिघडलंय तर तो क्लिनिकल लठ्ठपणा, म्हणजे सरळ आजार, आणि त्याला आजारासारखेच उपचार. या हिशोबाने दादा, ज्याच्या रिपोर्टमध्ये एक आकडा बोल्ड नाही, तो स्लीप ॲप्नियामुळे क्लिनिकलमध्ये बसतो. काही डॉक्टरांची याला हरकत आहे, त्यांना भीती वाटते की प्री-क्लिनिकल म्हटलं की विमा कंपन्या आणि सरकार हात वर करतील. ती भीती खरी आहे. तरी "तुमचं काय बिघडलंय ते आधी शोधू" हा प्रश्न "तुमचं वजन किती" यापेक्षा बरा.

घरी करण्यासारखी एकच तपासणी सांगायची तर टेप घ्या. शिंप्याची कापडी टेप. पँटचा साइज सांगू नका, पँट पोटाच्या खाली बांधली जाते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड दोन्ही बोटाने चाचपा, त्यांच्या मधोमध टेप गुंडाळा, मागून तिरकी नाही ना ते कोणालातरी बघायला सांगा, श्वास सहज सोडून द्या, पोट आत ओढू नका, आणि वाचा. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात, किंवा सोपं म्हणजे घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी पाहिजे. दादा म्हणत होता माझा ३८ आहे, टेपवर १०८ सेंटीमीटर निघाले, म्हणजे साडेबेचाळीस इंच. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाबचा (देशभरातल्या डायबेटिस वगैरेंचा) जो मोठा सर्व्हे आला त्यात बीएमआयने लठ्ठ २८.६ टक्के लोक होते पण पोटाच्या घेराने ३९.५ टक्के, म्हणजे वजनकाट्याला न सापडलेली कितीतरी माणसं टेपला सापडतात. चेकअप पॅकेजमध्ये पन्नास-साठ टेस्ट असतात, आणि कंबर मोजायला टेप नसते, याचा मला खरंच राग येतो.

उपचार. पहिली गोष्ट, रिपोर्ट चांगले असताना उपचार सुरू करणं हा सगळ्यात चांगला काळ आहे, कारण हातात वेळ असतो, घाई नसते, आणि थोड्या बदलाने बराच फरक पडतो. दादाच्या आधीच्या एका डॉक्टरांनी त्याला "वजन कमी करा" एवढंच सांगितलं होतं, कसं ते नाही, किती ते नाही, परत कधी दाखवायचं ते नाही. वजन कमी करा हा सल्ला झाला, उपचार नाही झाला. आत्ताच्या डॉक्टरांनी आकडा दिला, पाच ते सात टक्के, म्हणजे पाच ते सात किलो, सहा महिन्यांत, बाकी नंतर बघू. हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेत २००२ च्या मोठ्या ट्रायलमध्ये शुगर काठावर असलेल्या लोकांना सात टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच लक्ष्य दिलं होतं, डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर तसाच अभ्यास केला, २००६ मध्ये आला, तिथे २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि गंमत अशी की त्यांचं वजन फारसं कमी झालंच नव्हतं तरी फायदा झाला. म्हणून काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

खाण्यात त्याने काय बदललं ते आहारतज्ज्ञ बाईंनी आमच्याच स्वयंपाकघरातलं ठरवून दिलं. दुपारच्या डब्यात तीन पोळ्यांच्या दीड, आणि मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ वाटीभर जास्त, रात्री भात असेल तर पोळी नाही, अंडी किंवा पनीर किंवा मासे रोज काहीतरी एक, कारण आपल्या ताटात प्रोटीन कमीच असतं. सगळ्यात जास्त फरक संध्याकाळी पडला. ऑफिसमधून सुटल्यावर स्टेशनबाहेर वडापाव, घरी येऊन चहाबरोबर फरसाण, मग साडेदहाला जेवण, असं होतं, ते आता ट्रेनमध्ये चणे-शेंगदाणे आणि आल्या आल्या जेवण असं आलंय. उपवासाची साबुदाणा खिचडी आणि वर बटाट्याचा कीस हे हलकं खाणं नाही हेही त्यांनी सांगितलं, आईला ते अजून पटलेलं नाही. व्यायामात चालणं तर आहेच, सकाळी उपवन तलावाला, पण आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलायचा व्यायाम त्यांनी आग्रहाने घातला, कारण वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात आणि शुगर खर्च करायची जागा तर स्नायूच आहे. आणि रात्री ॲप्नियासाठी सीपॅप मशीन, मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वास अडकू न देणारं. पहिले काही आठवडे मास्कने वैतागला होता, नाक कोरडं पडायचं, ह्युमिडिफायर लावल्यावर जमलं. झोप लागायला लागल्यावर भूकही कमी झाली असं तोच सांगतो, आणि झोप कमी असली की भुकेचे हार्मोन वाढतात हे तर माहीतच आहे.

वजन कमी करायच्या इंजेक्शनबद्दल सगळे विचारतात. २०२५ मध्ये भारतात मार्चमध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड आलं आणि लॅबमध्ये येणारा प्रत्येक तिसरा माणूस त्याबद्दल बोलायला लागला. औषधं जोरदार आहेत यात शंका नाही, ट्रायलमध्ये सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. टिर्झेपटाइडला तर अमेरिकेत स्लीप ॲप्नियासाठीही मान्यता आहे. सेमाग्लुटाइडने हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले असंही २०२३ मध्ये दिसलं, पण त्या ट्रायलमधल्या सतरा हजारांवर माणसांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार होता, ते जसंच्या तसं निरोगी रिपोर्टवाल्यांना लावू नका. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना होते, पित्ताचे खडे, क्वचित स्वादुपिंडाला सूज. आणि थांबवलं की एका वर्षात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत येतं, त्यामुळे लग्नाआधी तीन महिने घेऊन बंद करणाऱ्यांनी काय मिळवलं ते मला कळत नाही. बीपीच्या गोळीसारखं ते चालू ठेवायचं औषध आहे, महिन्याचा खर्च आधी बसून मोजा, आणि डॉक्टरांशिवाय, जिममधल्या कोणाच्या सांगण्यावरून तर अजिबात नाही. वजन कमी करायच्या ऑपरेशनचाही मार्ग आहे, बेरियाट्रिक, आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून विचार करावा असं २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आहे, पण काहीच बिघडलेलं नसताना त्याकडे कोणी धावत नाही, वजन खूप जास्त असलं तर मात्र त्याला घाबरूही नये.

डिटॉक्सचे ज्यूस, पावडरी, पोटाला बांधायचे पट्टे, यावर मी वेगळं लिहीत नाही, पैसे वाचवा.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. रक्त घेताना जाड माणसाची शीर पटकन दिसत नाही, बोटाने चाचपून शोधावी लागते, एखाद मिनिट जास्त. त्या मिनिटात ही माणसं माझी माफी मागतात. "सॉरी हं ताई, माझी शीर सापडत नाही कोणालाच." हात त्यांचा, सुई माझी, आणि सॉरी ते म्हणतात. बीपी बघताना लहान पट्टा करकचून लावतात, त्यावर बीपी खोटंच जास्त येतं, मोठा पट्टा मागायचीही त्यांना लाज वाटते. मागा, तो तुमचा हक्क आहे. लहानपणापासून नावं ठेवून घेतलेल्या माणसाला रिपोर्ट नॉर्मल आला की तो तो कागद ढालीसारखा का धरतो हे त्या खुर्चीशेजारी उभं राहिलं की कळतं. आणि शरीर वजन सहज सोडत नाही हेही खरं आहे, चरबी कमी झाली की भूक आवरणारं लेप्टिन हे हार्मोन कमी होतं, भूक वाढते, शरीर कमी कॅलरीत भागवायला शिकतं, यात आळसाचा काही संबंध नाही. दादाशी बोलताना आम्ही घरात ठरवलं की वजन हा शब्द जेवताना काढायचा नाही. झोप कशी लागली विचारायचं, पूल चढताना धाप लागते का विचारायचं. त्यावर तो बोलतो.

सध्या त्याचं सहाएक किलो उतरलंय, कंबर १०२ वर आलीये, ट्रायग्लिसराइड बरंच खाली आलंय, शुगर ९४. इंजेक्शनचं डॉक्टर पुढच्या व्हिजिटला ठरवणार आहेत, वजन इथेच अडकलं तर सुरू करायचं असं त्यांचं मत आहे आणि दादाची तयारी आहे.

मी हे सगळं घरी बोलते तेव्हा आई विचारते, मग मी काय करू. आई ७२ वर्षांची, वजन ७४, उंचीच्या मानाने बरंच जास्त, आणि रिपोर्ट तिच्या वयाला शोभतील त्याहून छान. तिच्यासाठी नियम वेगळा आहे. या वयात खाणं कापून वजन उतरवलं तर स्नायू आणि हाडंही उतरतात, पडायची भीती वाढते. म्हणून डॉक्टरांनी तिला डाएट दिलेलं नाही, ताकदीचे व्यायाम दिलेत. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, सकाळ-संध्याकाळ, भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या, आणि दुपारच्या जेवणात वाटीभर दही किंवा वरण वाढवायचं. गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा घरी येते, आणि आई तिला दरवेळी चहा दिल्याशिवाय सोडत नाही.